प्रत्यार्पणाची केस हातात आलीय? या चुका टाळा

परदेशाने खटल्यासाठी किंवा शिक्षेसाठी ताब्यात मागितलेल्या (हेच प्रत्यार्पण) माणसाला दिल्लीच्या पटियाला हाऊस कोर्टात उभं केलं की घरचे आणि नवशिके वकील एकच पालुपद धरतात: "आमचा माणूस निर्दोष आहे." असेलही. पण ते ठरवायला हे कोर्ट बसलेलंच नाही. 1962 च्या प्रत्यार्पण कायद्याखाली दंडाधिकारी खटला चालवत नाही, चौकशी करतो. गुन्हा प्रत्यार्पणात बसतो का आणि सकृद्दर्शनी, म्हणजे वरवर पाहता, केस आहे का, एवढंच तो बघतो.

तरी साक्षीदाराला बोलवा, उलटतपासणी घेऊ द्या म्हणत तारखांवर तारखा घालवणारे आहेतच. कलम 10 प्रमाणे रीतसर प्रमाणित परदेशी जबान्या आणि कागद थेट पुराव्यात वाचले जातात. साक्षीदार विमानाने येणार नाही. त्यापेक्षा कागद धरून बसा. शिक्का-सही कुणाची, भाषांतर पुरं आहे का, वॉरंटातला आणि मागणीपत्रातला आरोप एकच आहे का? मग तीन रकाने आखा: त्यांच्या आरोपातली कृती, तिला लागू पडणारं आपलं कलम, पुराव्याचं पान. अमेरिकेशी झालेल्या 1997 च्या करारात गुन्हा दोन्ही देशांत एक वर्षापेक्षा जास्त कैदेचा लागतो. गुन्ह्याचं नाव जुळलं नाही तरी चालतं, कृती जुळावी लागते. जो चौकोन रिकामा राहील, तोच तुमचा युक्तिवाद.

दुसरी चूक याहून महागात पडते. केस बनते असं वाटलं तर दंडाधिकारी माणसाला तुरुंगात पाठवून अहवाल केंद्र सरकारला देतो. कलम 7(4) प्रमाणे त्यासोबत आरोपीचं लेखी निवेदनही जातं. हे निवेदन आदेशाच्या आदल्या रात्री दीड पानात उरकलेलं असतं! सोपवायचं की नाही हे शेवटी सरकार ठरवतं, म्हणून याची फाईल पहिल्या आठवड्यातच उघडावी. दवाखान्याचे केसपेपर, मागणीला झालेला उशीर, तिथल्या तुरुंगाची अवस्था, आणि मागणाऱ्या देशाकडून कुठली आश्वासनं हवीत त्याचा शब्दन् शब्द.

शब्द मोघम राहिला की काय होतं ते 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेमच्या प्रकरणात दिसलं. त्याला पोर्तुगालकडून मागताना, 25 वर्षांपेक्षा जास्त कैद होणार नाही, असं भारताने त्या देशाला सांगितलं होतं. पुढे मुंबईच्या टाडा कोर्टाने 2017 मध्ये जन्मठेप दिली आणि ही वर्षं मोजायची कुठून, पोर्तुगालमधली कोठडी धरायची का, यावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 2022 मध्ये न्यायालयाने मोजणी 2005 पासून धरली. तेव्हा आपल्या मसुद्यात "इथली कोठडी शिक्षेतून वजा होईल" हे वाक्य असलंच पाहिजे.

"भारतीय नागरिक आहे, देणारच नाहीत" हा भ्रम काढून टाका. अमेरिकेच्या करारात नागरिकत्व हे नकाराचं कारण नाही. अमिरातीच्या करारात आहे. करार वाचा, व्हॉट्सअॅप नको.

इंटरपोलची रेड कॉर्नर नोटीस म्हणजे वॉरंट नव्हे.

जामिनाच्या अर्जाला पासपोर्ट जमा करण्याची तयारी आधीच जोडा, कोर्टाने विचारायची वाट बघू नका.

तारखा भिंतीवर लिहा. कलम 34-ब खालच्या तात्पुरत्या अटकेत 60 दिवसांत रीतसर मागणी आली नाही तर सुटका. तुरुंगात पाठवल्यापासून 15 दिवस संपेपर्यंत सोपवता येत नाही. उच्च न्यायालयात जायचं तर याच दिवसांत. आणि दोन महिन्यांत देशाबाहेर नेलं नाही तर कलम 24 खाली उच्च न्यायालयात सुटकेचा अर्ज करता येतो, मात्र केंद्र सरकारला आधी नोटीस द्यावी लागते. घाईत नेमकी तीच राहते.