घरात एकत्र वाचायला बसताय? या चुका टाळा

चार दिवस उत्साहाने वाचन होतं, पाचव्या दिवशी मूल टाळाटाळ करू लागतं. असं झालं तर आधी एवढं तपासा: आपण वाचनाचाच अभ्यास तर करून टाकला नाही ना?

मूल ओळीखाली बोट धरून वाचत असतं. ‘ज्योत्स्ना’पाशी अडखळतं. आपण लगेच म्हणतो, “नीट बघ, काय लिहिलंय?” बोट थांबतं, नजर पुस्तकावरून आपल्या चेहऱ्याकडे जाते आणि गोष्ट तिथेच सुटते. अशा वेळी जरा थांबा. नाहीच जमलं तर तो शब्द सहज म्हणा आणि पुढे चला. चुका काढायला शाळा आहे, ही वेळ गोष्टीची.

प्रश्नांचंही तेच. “याचा रंग कोणता?” ही तोंडी परीक्षा झाली. “आता हा काय करेल?” असं विचारलं की मूल बोलतं. 1988 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना असेच मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाच्या बोलण्यात भर घालायला शिकवलं. महिन्याभरात ती मुलं बोलण्यात, नेहमीसारखं वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे गेली.

मूल स्वतः वाचायला लागलं की वाचून दाखवणं बंद करणं, ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. सात-आठ वर्षांच्या मुलाला ऐकून जेवढं समजतं, तेवढं स्वतः वाचून समजायला अजून बरीच वर्षं लागतात. त्याला न झेपणारी पुस्तकं तुमच्या आवाजातूनच त्याच्यापर्यंत पोचतील. आणि ‘अजून लहान आहे’ म्हणून थांबूही नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना 2014 पासून तान्हेपणापासूनच वाचून दाखवायला सांगते आहे.

रोज तासभर असं ठरवू नका. झोपायच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं पुरतात. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई नको. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आधी स्वतःचा. पुस्तक मुलाला निवडू द्या. तेच पुस्तक विसाव्यांदा मागितलं तरी वाचा, ओळखीच्या वाक्यांतूनच शब्द पक्के होतात.

मोठं मूल शेजारी येऊन बसत नसेल तर आग्रह करू नका. धाकट्याला वाचून दाखवताना खोलीचं दार उघडं ठेवा आणि थोडं मोठ्याने वाचा.