इथे गाडी घ्या, तिथे सोडा: निघण्याआधीची यादी

किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायला एका गावात भाड्याची गाडी घेऊन दुसऱ्या गावात सोडणार असाल, म्हणजे ‘वन-वे’ भाड्याने, तर बुकिंगचं बटण दाबायच्याही आधी एक गोष्ट बघून घ्या. गाडी जिथे सोडायची आहे ती शाखा, तुम्ही पोहोचाल त्या वारी आणि त्या वेळेला उघडी असते का? घ्यायची शाखा नव्हे, सोडायची. घ्यायच्या शाखेची वेळ सगळेच बघतात, कारण तिथून गाडी मिळायची असते. सोडायच्या शाखेकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मीही बघितलं नव्हतं, म्हणून ही यादी.

गाडी जिथून घेतली तिथेच परत द्यायची असेल तर ही अडचण फारशी येत नाही. जागा माहीत असते, दारावरची पाटी वाचलेली असते. वन-वेमध्ये शेवटची शाखा तुम्ही पहिल्यांदा बघता ती थेट गाडी सोडतानाच, आणि तेव्हा बहुधा पुढची ट्रेन नाहीतर विमान डोक्यावर असतं. किनाऱ्यावरच्या लहान गावांतल्या शाखा शनिवारी दुपारनंतर बंद, रविवारी दिवसभर बंद, हंगाम ओसरला की आणखी कमी तास, असं बऱ्याच ठिकाणी असतं. त्याच कंपनीची विमानतळावरची शाखा मात्र रात्री उशिरापर्यंत चालू असू शकते. म्हणून नुसतं गावाचं नाव बघू नका, पूर्ण पत्ता बघा. ‘विमानतळ’ आणि ‘शहर’ या दोन वेगळ्या शाखा असतात. करारात एक लिहिलेली असताना गाडी दुसरीकडे नेलीत, तर कंपनी जादा पैसे लावू शकते किंवा भाडंच नव्याने मोजू शकते.

वेळ बघायची ती कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, त्या शाखेच्या नावापुढे. नकाशाच्या ॲपवर दिसणाऱ्या वेळेवर विसंबू नका. मग त्या शाखेला फोन करा. हो, फोनच. तुमच्या तारखेला सार्वजनिक सुट्टी आहे का ते विचारा. शाखा बंद असताना किल्ली पेटीत टाकून गेलं तर चालतं का, तेही आत्ताच विचारा, कारण सगळीकडे चालत नाही. चालत असलं तरी बहुतेक करारांत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की शाखा उघडून कर्मचारी गाडी तपासेपर्यंत जबाबदारी तुमची. म्हणजे शनिवारी संध्याकाळी किल्ली टाकलीत आणि सोमवारी सकाळी शाखा उघडली, तर मधल्या काळात कोणी गाडीला घासून गेलं तरी बिल तुमच्याच नावावर.

आता पैसे. वन-वेचा ड्रॉप चार्ज, म्हणजे गाडी दुसऱ्या गावात सोडण्याचा जादा आकार, अंतरावर ठरत असेल असं वाटतं, पण निव्वळ अंतरावर तो ठरत नाही. तुम्ही सोडलेली गाडी कंपनीला त्या गावात हवी आहे की तिथून परत आणावी लागणार आहे, यावर बरंच अवलंबून असतं. त्यामुळे एका दिशेने महाग पडणारा तोच प्रवास उलट्या दिशेने स्वस्त निघू शकतो. दोन्ही बाजूंनी किंमत काढून बघा. हंगाम संपताना ज्या गावात गाड्या साचतात तिथून त्या हलवायच्याच असतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अशा गाड्या आणि कॅम्परव्हॅन ‘रिलोकेशन’ म्हणून अगदी नाममात्र भाड्याने देतात. पण त्यात दिवस मोजून मिळतात. प्रत्येक वळणावर उतरून समुद्र बघत बसायचं असेल तर तो सौदा आपल्या कामाचा नाही. ड्रॉप चार्ज एकूण रकमेत धरलाय की ‘काउंटरवर देय’ म्हणून खाली कुठेतरी दडवलाय, ते वाचा. भाड्याचा दिवस म्हणजे घड्याळ लावून २४ तास. सकाळी १० ला घेतलेली गाडी शेवटच्या दिवशी दुपारी २ ला सोडली की वाढीव तासांचे, कधी अख्ख्या दिवसाचे पैसे लागतात. दुसऱ्या देशात गाडी सोडायची असेल तर बहुधा परवानगीच नसते, असलीच तर चार्ज ऐकून डोळे पांढरे होतात.

दिशा ठरवायची ती हॉटेलं बुक करण्याआधी. समुद्र आपल्या लेनच्या बाजूला यायला हवा. जिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात तिथे समुद्र उजव्या हाताला, जिथे डाव्या बाजूने जातात तिथे डाव्या हाताला. कॅलिफोर्नियातला हायवे १ बरेच जण उत्तरेकडून दक्षिणेकडे, सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसकडे करतात तो याचसाठी. ऑस्ट्रेलियातला ग्रेट ओशन रोड, टॉर्कीपासून ॲलन्सफर्डपर्यंतचा साधारण २४० किलोमीटरचा, पूर्वेकडून पश्चिमेकडे केला तर समुद्र डावीकडे राहतो. फायदा नुसत्या देखाव्याचा नाही. थांबायच्या जागा आपल्याच बाजूला येतात, समोरून येणारी लेन कापून आत शिरावं लागत नाही आणि परत बाहेर पडताना आंधळ्या वळणाकडे बघत ताटकळावं लागत नाही. उलट दिशेचं भाडं थोडंसंच स्वस्त असेल तर माझं मत समुद्राच्या बाजूला. गाडीत कोणाला उंचीची भीती असेल तर मात्र मुकाट्याने डोंगराकडची लेन घ्या, कारण कड्याकडच्या खिडकीत डोळे मिटून बसलेल्या माणसाबरोबर प्रवास लांबच लांब वाटतो. पश्चिमेकडे जाताना संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांत येतं. गॉगल ठेवा आणि काच आतूनही पुसा. खारं पाणी वाळून बाहेरच्या बाजूला जो पांढुरका थर बसतो तो नुसत्या वायपरने जात नाही, फासला जातो. वायपरच्या पाण्याची टाकी भरलेली हवी.

रस्ता चालू आहे का, हे त्या भागाच्या रस्ते विभागाच्या अधिकृत सूचनांमध्ये बघा. किनाऱ्याचे रस्ते कड्यांच्या पोटातून खोदलेले असतात आणि डोंगर अधूनमधून खाली येतो. कॅलिफोर्नियात हायवे १ वर बिग सूरजवळ मड क्रीक इथे मे २०१७ मध्ये दरड कोसळली आणि तो तुकडा जुलै २०१८ मध्ये खुला झाला. जानेवारी २०२१ मध्ये त्याच पट्ट्यात रॅट क्रीकला रस्त्याचा अख्खा तुकडाच समुद्राकडे वाहून गेला. जाऊन परत येणारा माणूस अशा वेळी मागे वळतो आणि उरलेले दिवस अलीकडेच काढतो. वन-वेवाल्याला पलीकडे पोहोचावंच लागतं, मग आतल्या हायवेने लांबचा वळसा. त्यासाठी शेवटी अर्धा-एक दिवस मोकळा ठेवा. हा मोकळा वेळ शाखा बंद व्हायच्या आधीचा हवा. बंद झाल्यानंतरचा वेळ मोकळा असून काडीचा उपयोग नाही.

लायसन्स, पासपोर्ट हे सांगायला नको. परदेशात चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना, लायसन्स ज्या देशाचं त्याच देशातून, निघण्याआधी काढावा लागतो. तोही कोणत्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा आहे ते बघा. १९४९ चा जिनिव्हाचा आणि १९६८ चा व्हिएन्नाचा असे दोन प्रकार मुख्यतः चालतात, आणि जपानसारखा देश फक्त १९४९ चा मानतो. क्रेडिट कार्ड ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याचंच हवं, जोडीदाराचं चालेल असं गृहीत धरू नका. डिपॉझिटची रक्कम कार्डावर अडकून पडते, तेव्हा मर्यादेत तेवढी जागा ठेवा. डेबिट कार्डावर पुष्कळ ठिकाणी गाडी देत नाहीत किंवा जास्त अटी घालतात. दुसरा कोणी थोडा वेळ जरी गाडी चालवणार असेल तरी त्याचं नाव करारात हवं. नाव नसताना ठोकली तर विमा हात वर करतो.

विम्याचं पान कंटाळवाणं असतं, पण चार ओळी तरी वाचा. साध्या विम्यात टायर, काच, टप आणि गाडीचा तळ बऱ्याचदा धरलेले नसतात, आणि किनाऱ्यावर नेमकं हेच जातं. कच्चा रस्ता, वाळूवर गाडी उतरवणं, फेरीबोटीने खाडी ओलांडणं यांना करारात मनाई असू शकते. वाटेत फेरी लागणार असेल तर लेखी परवानगी घ्या.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. काउंटरवरचा माणूस घाई करणारच, त्याच्यामागे रांग असते. मोबाइलवर सलग एक व्हिडिओ काढा: चारी बाजू, टप, चारही चाकांच्या रिमच्या कडा. पुढच्या बंपरच्या खालची कड वाकून बघा, फुटपाथला घासल्याच्या जुन्या खुणा तिथेच असतात आणि उभ्याने दिसत नाहीत. समोरच्या काचेवरून बोट फिरवा. खड्याने उडालेला टवका डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागतो. किलोमीटर आणि इंधनाचा काटा एकाच फोटोत घ्या. डिकीतला तळ उचलून स्टेपनी आहे का बघा. पुष्कळ नव्या गाड्यांत नुसता पंप आणि द्रवाची बाटली असते. लहान भोक त्याने बुजतं, पण टायर कडेने चिरला असेल तर ती बाटली निरुपयोगी. टोल कसा कापला जातो ते विचारा. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर २०१३ पासून रोख घेतच नाहीत, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि टोलचं बिल गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे जातं. कंपनी त्यावर स्वतःचा आकार लावू शकते.

सही करण्याआधी करारातली ‘परत’ ही ओळ मोठ्याने वाचा. शाखेचा पत्ता, वार, वेळ. समोरच्याला विचारा, ती शाखा त्या दिवशी किती वाजता बंद होते? त्याने ‘पाचपर्यंत असते बहुतेक’ असं सांगितलं तर ‘बहुतेक’ चालणार नाही, त्याला संगणकावर बघायला लावा. उत्तर त्याच कागदावर लिहून घ्या, शाखेच्या फोन नंबरासकट. दोनदा विचारलं म्हणून कोणी हसलं तर हसू द्या.

वाटेवरचं थोडक्यात. नकाशा आधीच उतरवून ठेवा, कड्याखालच्या पट्ट्यात सिग्नल जातो. टाकी निम्मी झाली की भरा, पुढचा पंप दिसेल म्हणून थांबू नका. पेट्रोल की डिझेल, झाकणाच्या आतलं वाचून घ्या. नकाशा सांगेल त्या वेळेच्या दीडपट धरा. बघायच्या जागी उतरताना सीटवर काहीही ठेवू नका, पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्यांच्या काचा फोडणारे अशाच जागी टपलेले असतात. वन-वेमध्ये सगळं सामान कायम गाडीतच असतं, तेव्हा बॅगा झाकल्या जातील अशी डिकी निवडा. भरती-ओहोटीची वेळ बघितल्याशिवाय पाण्याच्या कडेला गाडी लावू नका. ओल्या कपड्यांनी सीटवर बसू नका, वाळू झटकून आत या. सफाईचे पैसे लावतात.

सोडायचा दिवस. आदल्या संध्याकाळी शाखेला पुन्हा फोन. मागच्या वेळी रविवारी दुपारी मी पोहोचले तेव्हा काचेच्या दारावर आतून चिकटवलेला वेळांचा कागद होता, रविवारपुढे नुसती आडवी रेघ, आणि किल्ली टाकायची पेटी शोधत मी इमारतीला वळसा घातला तर तीही नव्हती. पार्किंगमध्ये त्याच कंपनीच्या आणखी गाड्या ओळीने उभ्या, आजूबाजूला चिटपाखरू नाही. ट्रेन चुकली. गाडी सोमवारी सकाळी दिली, वाढीव दिवस भरला. एका फोनने टळलं असतं.

तर शाखा बंद व्हायच्या निदान दोन तास आधी गावात पोहोचा. शाखेजवळच्या पंपावर टाकी फुल्ल, पावती खिशात. बॅगा आधी हॉटेलवर किंवा स्टेशनवर टाका, मग गाडी घेऊन जा. गाडी लावलीत की तोच व्हिडिओ पुन्हा, काट्यासकट. कर्मचाऱ्यासमोर तपासणी, ‘नुकसान नाही’ असं लिहिलेली पावती, सही. ‘मेल येईल’ म्हणतील, पण तो येईपर्यंत तिथून हलू नका. पेटीत किल्ली टाकायचीच वेळ आली तर गाडी कुठे उभी आहे ते नंबरप्लेटसकट टिपा, आणि पेटीत किल्ली पडतानाचा फोटो काढा.

डॅशबोर्डचा कप्पा, सीटखाली, चार्जरची वायर, घराची किल्ली. विसरलेली वस्तू घ्यायला परत जायचं तर आता ते गाव शेकडो किलोमीटर लांब असतं.

डिपॉझिट सुटायला काही दिवस लागतात, कधी दोन-तीन आठवडे. टोल आणि दंड त्याच्याही नंतर येतात. कार्डाचं स्टेटमेंट दोन महिने बघत राहा, व्हिडिओ तोवर पुसू नका.