या चुका टाळा: लहानग्याच्या डोळ्याचा कॅन्सर, हाय डोस केमो आणि ट्रान्सप्लांट

ट्रान्सप्लांटचं नाव निघालं की मामा-आत्या सगळे डोनर म्हणून रक्त तपासून घ्यायला निघतात. रेटिनोब्लास्टोमात, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्याच्या या कॅन्सरमध्ये, डोनर लागत नाही. बाळाच्याच रक्त बनवणाऱ्या मूळपेशी आधी त्याच्या रक्तातून मशीनने वेगळ्या करून गोठवून ठेवतात. मग कार्बोप्लॅटिन, एटोपोसाइड, थायोटेपा, मेलफॅलान यांपैकी काही औषधं इतक्या मोठ्या डोसने देतात की अस्थिमज्जा कामच थांबवते. त्यानंतर त्या पेशी सलाइनसारख्या चढवतात. कॅन्सर मारतं ते औषध; पेशी रक्त पुन्हा उभं करतात, बस.

आजार डोळ्यापुरता असेल तर ट्रान्सप्लांटची गरज सहसा पडत नाही. तो हाडांत, मज्जेत किंवा मेंदूच्या आवरणात गेला की पडते. म्हणून माझ्या मते सगळ्यात महागडी चूक फार आधीची: डॉक्टर डोळा काढायला सांगतात आणि घरचे ‘आधी दुसरं काही करून बघू’ म्हणत महिने घालवतात.

वॉर्डातली नेहमीची चूक आंघोळीची. थायोटेपा घामातून बाहेर पडतं. काखेत, जांघेत, डायपरखाली, चिकटपट्टीखाली घाम साचला की तिथलीच कातडी काळी पडून सोलते. म्हणून नर्स दिवसातून अनेकदा अंग पुसायला, डायपर लगेच बदलायला सांगतात. ‘पोराला सर्दी होईल हो,’ म्हणत आजी हळूच टाळते, वर खोबरेल चोळते. त्या दिवसांत तेल, क्रीम, पावडर काहीच नको. पेशी चढवल्यावर बाळाच्या अंगाला लसणासारखा उग्र वास आला तर घाबरू नका. तो पेशी गोठवताना घातलेल्या द्रव्याचा असतो, एक-दोन दिवसांत जातो.

कानांकडे मात्र हमखास दुर्लक्ष होतं. कार्बोप्लॅटिनने ऐकू कमी येऊ शकतं, आणि ज्याची नजर आधीच अधू, त्याची सगळी भिस्त कानांवर. ‘हाक मारली तरी बघत नाही’ हे हट्टीपणा समजून सोडू नका, ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) मागून घ्या.

टाटा हॉस्पिटलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक केंद्रात उपचार आणि घर ठाण्याच्या घोडबंदरला, असं असेल तर डिस्चार्जनंतर जवळच खोली घेतलेली बरी. बाळाची प्रतिकारशक्ती तेव्हा कमी असते, म्हणून भाडं बघण्याआधी भिंतीची ओल आणि बाल्कनीतली कबुतरं बघा. शेजारी टॉवर उभा राहत असेल तर ती खोली नकोच, बुरशीचे कण तिथल्या धुळीतून येतात. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर आधी पॅरासिटामॉल पाजून वाट बघू नका. ताप दबतो, जंतुसंसर्ग दबत नाही. वॉर्डला फोन करा आणि निघा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. त्या वेळी हार्बर लोकल नसते, रिक्षावाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

पल्स पोलिओच्या रविवारी घरातल्या धाकट्याला तोंडावाटे थेंब पाजण्याआधी डॉक्टरांना विचारा, त्यातला जिवंत विषाणू ट्रान्सप्लांट झालेल्या भावंडाला बाधू शकतो. धाकट्याला इंजेक्शनची लस चालते. आणि त्या धाकट्याचेही डोळे बाहुली मोठी करून तपासून घ्या. आजार दोन्ही डोळ्यांत असेल तर आरबी१ जीनमधला (ज्याच्या बिघाडातून हा कॅन्सर होतो) बदल जन्मजातच असतो, एकाच डोळ्यात असला तरी कधीकधी असतो. पुढचं मूल होणार असेल तर हे बाळंतपणाच्या डॉक्टरांनाही आधीच सांगून ठेवा.