भाषा येत नसताना नवा अल्बम पुरा ऐकायचा कसा

मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. तिथे शेजारी बसलेल्या माणसाला बंदिशीचे शब्द विचारले तर निम्मे तरी सांगता येतील याची खात्री नाही. पण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की त्याचा हात उठतो, एखादी जागा सुरेख आली की तोंडून ‘वा’ जाते. गेली काही वर्षं मी मेक्सिको, पोर्तो रिको, स्पेन इथले नवे अल्बम ऐकतोय ते याच सवयीच्या बळावर. सांगली-मिरजेतली ओळखीची मुलं विचारतात, “दादा, दोन-चार गाणी लावून बघितली, सगळी सारखीच वाटली. सुरुवात कुठून करू?” हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आठवड्याला एकच अल्बम

फोन आपल्याला गाणं देतो, अल्बम देत नाही. एक गाणं संपलं की त्याच्यासारखंच दुसरं पुढे सरकवतो, आणि तासाभरानं आपण काय ऐकलं हे आठवत नाही. कलाकारानं मात्र दहा-बारा गाण्यांचा क्रम ठरवलेला असतो. कुठे मोकळं सोडायचं, कुठे दम द्यायचा, शेवटी काय ठेवायचं, याचा त्यानं विचार केलेला असतो. मैफलीत बडा ख्याल सोडून नुसती भैरवी ऐकायला आपण जात नाही, तसंच हे. म्हणून आठवडाभर एकच अल्बम घ्या.

पहिला कोणता? ज्याचे शब्द अर्धे ओळखीचे आहेत असा. मी सगळ्यांना अरूज आफताबचा ‘नाइट रेन’ (२०२४) सांगतो. ती पाकिस्तानी वळणाची, राहते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. उर्दूत गाते, पण साथीला हार्प, डबल बास, पियानो. यातल्या काही रचनांचे शब्द हैदराबादच्या माह लका बाई चंदा यांचे आहेत, म्हणजे अठराव्या शतकातल्या आपल्या दख्खनच्याच कवयित्रीचे. आवाज कुठेही चढत नाही, घाई कुठेच नाही. रात्री दिवा मालवून ऐका. हा अल्बम पचला की कान परक्या वाद्यांना बुजत नाहीत, आणि मग भाषा बदलली तरी चालतं.

दुसऱ्या आठवड्यात मेक्सिकोच्या नतालिया लाफुर्कादेचा ‘दे तोदास लास फ्लोरेस’ (२०२२) घ्या. नावाचा अर्थ ‘सगळ्या फुलांमधून’. टेक्सासमधल्या स्टुडिओत वादकांना एकत्र बसवून, जुन्या पद्धतीनं चुंबकीय टेपवर हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. ते ऐकताना कळतं. खोलीत माणसं आहेत, कुणी श्वास घेतंय, कुणी दुसऱ्यासाठी थांबतंय. २०२५ चा तिचा ‘कान्सिओनेरा’ही आवडेल, पण आधी हा.

फोनची तयारी

शफल बंद करा. ऑटोप्ले बंद करा, नाहीतर अल्बम संपल्यावर जी शांतता हवी तिच्यात भलतंच गाणं घुसतं. सेटिंगमध्ये क्रॉसफेड असेल तर तो शून्यावर आणा. त्यानं एका गाण्याचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर चढतं. अल्बम घरच्या वायफायवर आधी डाउनलोड करून ठेवा. ४५ मिनिटांच्या अल्बमला मध्यम दर्जात साधारण ५५ एमबी लागतात, चांगल्या दर्जात ११० च्या आसपास. इअरफोन साधा वायरचा चालतो, फक्त दोन्ही कानांत नीट आवाज येतोय ना ते पाहा. फोनच्या स्पीकरवर बास, म्हणजे खर्जातलं वाद्य, जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि लॅटिन अमेरिकेच्या, म्हणजे लॅटिन संगीतात अर्धं बोलणं बासचंच असतं.

वेळ कुठून काढायचा? मिरजेहून कोल्हापूरची पॅसेंजर तासा-सव्वा तासात पोचते. त्यात एक अल्बम पुरा होतो. खिडकीची जागा मिळाली तर उत्तम.

तीन फेऱ्या

पहिल्या फेरीत काहीही वाचायचं नाही. अर्थ नाही, माहिती नाही, मुखपृष्ठसुद्धा नाही. आवडलं-नावडलं हेही ठरवायचं नाही. दोन-तीन जागा लक्षात राहतील, तेवढं पुरे.

दुसऱ्या फेरीत एक वाद्य धरायचं आणि शेवटपर्यंत सोडायचं नाही. बास धरलात तर बासच. गायिका कितीही गोड गात असली तरी लक्ष तिच्याकडे न्यायचं नाही. हे पहिल्यांदा अवघड जातं. पण अल्बम आतून कसा बांधलाय ते या फेरीत दिसतं, आणि ‘सगळं सारखंच’ ही तक्रार इथेच मिटते.

तिसऱ्या फेरीत शब्द. गाण्याचे बोल ॲपमध्ये दिसतात, ते भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून मराठीत वाचता येतात. भाषांतर ओबडधोबड असतं, पण विषय कळतो. आणि इथे मराठी माणसासाठी एक फार चांगली बातमी आहे. स्पॅनिश आपल्या जिभेला इंग्रजीपेक्षा सोपी आहे. पाचच स्वर, आ, ए, इ, ओ, उ, आणि प्रत्येक लिहिलाय तसाच म्हणायचा. त आणि द आपल्यासारखेच दातांचे. रोमन लिपीतलं एच अक्षर म्हणायचंच नाही, आणि जेचा उच्चार घशातून ‘ह’ किंवा ‘ख’ असा करायचा. एवढ्यावर तुम्ही गाण्याचं ध्रुवपद गुणगुणू शकता. गुणगुणताच शब्द आणि सूर कुठे जोडलेत हे जिभेला कळतं.

त्रितालावर क्लावे

क्युबाच्या ‘सोन’ या जुन्या गानप्रकारापासून साल्सापर्यंत बऱ्याच लॅटिन संगीताच्या मुळाशी क्लावे नावाचा एक ठोक्यांचा आकृतिबंध आहे. त्याच नावाचं वाद्यही आहे, टिपऱ्यांसारखे दोन आखूड लाकडी दांडके. हा आकृतिबंध पकडता आला नाही तर ते संगीत नुसतं ‘नाचायचं’ वाटतं. ज्याला त्रिताल मोजता येतो त्याला मात्र क्लावे दहा मिनिटांत येतो.

सोळा मात्रा बोटांवर मोजा. त्रितालात आपण १, ५, १३ ला टाळी देतो आणि ९ ला खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडतो. आता क्लावेचे पाच ठोके असे: १, ४, ७, ११, १३. सावकाश मोजत तेवढ्याच मात्रांवर टेबलावर टिचकी मारा. सम जुळते आणि तेरावी जुळते. मधले तिन्ही ठोके आपल्या टाळ्यांना चुकवून जातात आणि नवव्या मात्रेवर शांतता असते. ओढ या चुकवण्यातून येते. पहिल्या अर्ध्यात तीन ठोके, दुसऱ्या अर्ध्यात दोन. काही गाण्यांत अर्धी उलटी येतात, आधी दोन, मग तीन. एका पायानं त्रितालाच्या चार जागा धरून हातानं क्लावे वाजवता आला की समजा झालं. मला तीन संध्याकाळी लागल्या, दुसऱ्या संध्याकाळी घरातल्यांनी टेबल उचलून नेलं.

सरावासाठी हवानात १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेला आणि १९९७ साली आलेला ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ घ्या. नवा नाही, पण ताल इतका स्वच्छ दुसरीकडे सापडणं कठीण.

रेगेटॉन या लॅटिन नाचगाण्याचा ठेका याहून सोपा. आठ मात्रा मोजा, १ आणि ५ वर जाड ठोका, ४ आणि ७ वर कडक. कार्यक्रमांत वाजणारी निम्मी गाणी याच ठेक्यावर आहेत हे तुमच्या लगेच लक्षात येईल.

त्यांचा शाहीर शोधा

आता पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या बॅड बनी या गायकाचा ‘देबी तिरार मास फोतोस’ (५ जानेवारी २०२५). नावाचा अर्थ ‘अजून फोटो काढून ठेवायला हवे होते’. सतरा गाणी, तासाभराचा ऐवज. २०२६ च्या ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला आणि पुरा स्पॅनिश असूनही तो मान मिळवणारा हा पहिलाच. आधीच सांगतो, काही गाण्यांची भाषा मोकळी आहे, घरच्या लहानांसमोर लावू नका.

हा अल्बम मला जवळचा वाटला तो प्लेनामुळे. प्लेना हा पोर्तो रिकोचा जुना लोकप्रकार. त्याला तिथे ‘गायलेलं वर्तमानपत्र’ म्हणतात. गावात आग लागली, वादळ आलं, संप झाला, की त्यावर प्लेना रचून चौकात म्हणायचा. साथीला पांदेरेता, म्हणजे हातात धरायचं चामड्याचं वाद्य. घुंगरं नसतात, तीन आकार असतात, लहानावर मोकळं वाजवायचं आणि मोठ्यानं ठेका धरायचा. आपल्या जिल्ह्यातल्या वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले, ज्यांनी पोवाडा आणि लावणीतून मुंबईच्या कामगाराची कहाणी सांगितली. ज्यानं डफावर शाहिरी ऐकलीय त्याला प्लेना समजावून सांगावा लागत नाही.

‘काफे कोन रोन’ हे गाणं प्लेनाच्या अस्सल पथकाबरोबर गायलंय. तिथून सुरुवात करा आणि मग शीर्षकगीत ऐका. बेट सोडून कामाला गेलेली माणसं, विकल्या जाणाऱ्या जमिनी, म्हातारी होत चाललेली आजी-आजोबांची पिढी, हा या अल्बमचा विषय आहे. पुण्या-मुंबईला गेलेली पोरं आणि कुलूप लागलेली घरं आपल्या खानापूर-आटपाडीकडेही आहेत. यूट्यूबवर या गाण्यांबरोबर चित्रफितीऐवजी बेटाच्या इतिहासाचा मजकूर येतो, एका इतिहासकाराच्या मदतीनं तयार केलेला. तिसऱ्या फेरीत तो भाषांतर करून वाचा. वेळ लागतो, पण वाचाच.

वाद्य करणाऱ्याच्या कानानं

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती वाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत एका चाचांच्या दुकानात मी अधूनमधून बसतो. एकदा त्यांना सिल्वाना एस्त्रादाचा ‘मार्चिता’ (२०२२) ऐकवला. ती मेक्सिकोच्या व्हेराक्रुझ भागातली, आई-वडील दोघंही वाद्यं बनवणारे. गाताना ती बहुतेकदा क्वात्रो वाजवते, चार तारांची व्हेनेझुएलाची छोटी गिटार.

चाचा जवारी काढत होते, म्हणजे तारेखालची घोडी घासून नाद जुळवत होते. कानस बाजूला ठेवली, इअरफोन लावला आणि डोळे मिटले. गाणं संपल्यावर म्हणाले, “ही धातूची तार न्हवं. नायलॉन हाय. लाकूड पातळ हाय, आवाज लगेच मरतोय. म्हणून पोरगी आवाज लांबवून ती जागा भरतीया.” मी तो अल्बम दहादा ऐकला होता आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक अल्बमला हा प्रश्न विचारतो: वाद्याचा आवाज किती टिकतो, आणि गाणारा त्याचं काय करतो? तुम्हीही विचारा. सुतार, तबलजी, लेथवर काम करणारा, ज्याचा कान कामानं तयार झालाय अशा माणसाला एक गाणं ऐकवा आणि तो काय म्हणतो ते लिहून ठेवा.

सिल्वानाला २०२२ साली लॅटिन ग्रॅमीचा नवोदित कलाकाराचा पुरस्कार मिळाला, तो विभागून. दुसरी मानकरी होती ९५ वर्षांच्या अँखेला आल्वारेझ.

गिटारचा गोंगाट

आल्टरनेटिव्ह रॉककडे वळताना आवाज थोडा कमी ठेवा. विकृत केलेली गिटार हे एक वाद्यच आहे, ती कान बसेपर्यंत टोचते. आलापाची सवय असलेल्यानं ‘द क्युअर’च्या ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’पासून (२०२४) सुरुवात करावी. सोळा वर्षांनी आलेला अल्बम, आठच गाणी. पहिल्या गाण्यात तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसती वाद्यं वाजतात आणि मग गायक येतो. दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’चा ‘बीटा’ (२०२४) आपल्या देशातल्या इंडीची, म्हणजे मोठ्या कंपन्यांशिवाय होणाऱ्या संगीताची, पातळी दाखवतो. टेक्सासच्या ‘ख्रुआंगबिन’चा ‘अ ला साला’ (२०२४) मोजक्याच शब्दांचा, कामाच्या दिवशीही चालतो. स्पेनच्या रोसालियाचा ‘लुक्स’ (२०२५) मात्र शेवटी ठेवा. चार भाग, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, डझनाहून जास्त भाषा. मोठं काम आहे, पण कान तयार नसतील तर त्याचा भार होतो.

नवं कुठे सापडतं

२०१५ पासून जगभर नवे अल्बम बहुतेक शुक्रवारी येतात. अमेरिकेतल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओची ‘टायनी डेस्क’ मालिका यूट्यूबवर फुकट आहे. ऑफिसातल्या टेबलामागे उभं राहून कलाकार पंधरा-वीस मिनिटं गातात. त्यांचाच ‘आल्ट लातिनो’ हा कार्यक्रम लॅटिन संगीतासाठी उत्तम. सिएटलच्या केईएक्सपी रेडिओचे स्टुडिओतले कार्यक्रमही पाहा. एखादा कलाकार मनापासून आवडला तर त्याचा अल्बम बँडकॅम्प या संकेतस्थळावर आहे का ते शोधा. तिथे विकत घेतलेल्या अल्बमच्या पैशातले सरासरी ८२ टक्के कलाकाराकडे जातात असं ती कंपनी सांगते. परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड लागतं. वर्षातून दोन अल्बम घेतले तरी छोट्या कलाकाराला त्याचा आधार होतो.

आणि शक्य असेल तर एकट्यानं ऐकू नका. आम्ही चौघं रविवारी सकाळी जमतो. एक अल्बम पुरा लावतो, संपेपर्यंत कुणी बोलत नाही, मग चहा. मागच्या वेळी चाचाही आले. जाताना विचारलं, “त्या पोरीचं दुसरं काही हाय का?” आहे. सिल्वानाचा ‘वेंद्रान सुआवेस युवियास’, २०२५ चा. येत्या रविवारी तोच लावणार आहोत.