मीटर ब्रिजवर अज्ञात रोध काढताना या चुका टाळा

बारावीच्या प्रॅक्टिकलला मीटर ब्रिजवर (एक मीटर लांब तारेच्या मदतीने रोध मोजायचं साधन) उत्तर चुकलं की मुलं आधी आकडेमोड तपासतात. पण बहुतेक वेळा गडबड जोडणीत असते, आणि ती कुठे आहे हे गॅल्व्हॅनोमीटरचा (बारीक विद्युतप्रवाह दाखवणारं उपकरण) काटाच दाखवतो.

समजा, अज्ञात रोध डाव्या गॅपमध्ये आणि रेझिस्टन्स बॉक्स (प्लग काढून हवा तेवढा रोध घालायचा डबा) उजव्या गॅपमध्ये आहे. जॉकी (गॅल्व्हॅनोमीटरला जोडलेलं, तारेला टेकवायचं टोक) आधी तारेच्या एका टोकाला टेकवा, मग दुसऱ्या. काटा विरुद्ध बाजूंना गेला तर जोडणी ठीक. पण एका टोकाला काटा वळतो, दुसऱ्या टोकाला शून्यावर येतो आणि उलट बाजूला जातच नाही, असं झालं तर ते शून्य कोणत्या टोकाला आलं ते बघा. उजव्या टोकाला आलं, तर अज्ञात रोधाची वायर सुटलेली असते किंवा बॉक्समधला एकही प्लग काढलेला नसतो. डाव्या टोकाला आलं, तर बॉक्सची जोडणी सुटली आहे किंवा अनंताचा प्लग (जो काढला की बॉक्समधून प्रवाह जातच नाही) चुकून निघालाय. काटा कुठेच हलला नाही, तर सेल, की (स्विच) आणि गॅल्व्हॅनोमीटरच्या वायर तपासा.

एक प्लग काढला की शेजारचे सैल होतात. म्हणून दर वेळी बाकीचे प्लग थोडे पिळून घट्ट दाबा. ही सवय फार मोलाची आहे, कारण सैल प्लगचा रोध बॉक्सवर कुठेच लिहिलेला नसतो.

नल पॉइंट (तारेवर जिथे काटा शून्यावर येतो ती जागा) १० सेंमीवर आला म्हणून तिथेच वाचन घेऊ नका. तिथे १ मिमी चुकलं तर उत्तरात सुमारे १.१ टक्का फरक पडतो, ५० सेंमीवर फक्त ०.४ टक्का. बॉक्समधला रोध बदलून नल पॉइंट ३५ ते ६५ सेंमीच्या मध्ये आणा. मग दोन्ही रोधांच्या जागा बदलून पुन्हा वाचन घ्या आणि दोन्ही उत्तरांची सरासरी काढा. टोकांच्या तांब्याच्या पट्ट्या आणि सांध्यांच्या रोधामुळे येणारी चूक त्यात बरीचशी कटते.

जॉकी तारेवर घासत नेऊ नका, उचलून टेकवा. घासल्याने तार जागोजागी झिजते, आणि नल पॉइंटवरून रोध काढायचं सूत्र तर तार सगळीकडे सारखी जाड आहे असं धरूनच चालतं.

की वाचनापुरतीच लावा, नाहीतर प्रवाहाने रोध तापतो. तांब्याचं कॉइल ५ अंशांनी तापलं तरी त्याचा रोध जवळपास २ टक्क्यांनी वाढतो.