एसएफसी चालवताना या चुका टाळा: कॉलमआधी सिलिंडर बघा

एसएफसी म्हणजे सुपरक्रिटिकल फ्लुइड क्रोमॅटोग्राफी: दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड आणि थोडं मिथेनॉल कॉलम नावाच्या भरलेल्या नळीतून वाहवून सँपलमधले घटक वेगळे करायचे. आमची लॅब यवतमाळ जिल्ह्यात, गावाबाहेर. मागच्या नवतप्यात एसएफसीवर प्रोप्रॅनोलॉल या औषधाचा पीक (आलेखावरचा उंचवटा) दर इंजेक्शनला जागा सोडू लागला. कॉलम बदलला, मिथेनॉल नवं घेतलं, दोन दिवस गेले. शेवटी मागच्या टिनाच्या शेडमधल्या सिलिंडरला हात लावला, तर चटका बसला.

कार्बन डायऑक्साइड 31 अंशांच्या वर द्रव राहूच शकत नाही. सुपरक्रिटिकल (धड वायू नाही, धड द्रव नाही अशी) अवस्था हवी ती पंपाच्या पुढे. पंपाला मात्र द्रवच लागतो, म्हणून तर त्याचं हेड 4-5 अंशांपर्यंत थंड ठेवतात. बाहेर पारा 45 वर असताना तापलेला विरळ वायू आत आला की चिलर पुरा पडत नाही, प्रवाह कमी-जास्त होतो, दाब थरथरतो आणि रिटेन्शन टाइम, म्हणजे पीक येण्याची वेळ, हलते. आम्ही सिलिंडर एसीच्या खोलीत आणला, नळीला इन्सुलेशन गुंडाळलं, महत्त्वाचे रन सकाळी सातला सुरू केले. पीक जागेवर आला. सिलिंडर आत घेतलात तर एक्झॉस्टची नळी खिडकीबाहेर काढाच आणि खोलीत वायूचा अलार्म लावा. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो आणि जीव गुदमरतो.

सिलिंडर मागवताना डिप ट्यूबचाच (आत तळापर्यंत जाणाऱ्या नळीचा) मागा. साध्या सिलिंडरमधून वरचा वायूच येतो. गेजवर भरवसा नको: 20 अंशांना आत द्रव शिल्लक असेपर्यंत काटा 57 बारच दाखवतो. वजन करा आणि मानेवर कोरलेलं रिकाम्या सिलिंडरचं वजन त्यातून वजा करा.

दुसरी चूक एचपीएलसीच्या (द्रव द्रावकावर चालणाऱ्या नेहमीच्या क्रोमॅटोग्राफीच्या) सवयीची. सँपल पाणी-मिथेनॉलमध्ये विरघळवून तसंच टोचतात, मग पीक फाटतो किंवा पुढे पसरतो. सँपलचा द्रावक मोबाइल फेजपेक्षा (कॉलममधून वाहणाऱ्या मिश्रणापेक्षा) जोरकस नको. हेप्टेन-आयसोप्रोपेनॉल वापरून पाहा, इंजेक्शन कमी करा. बेसिक (अल्कधर्मी) औषधाचा पीक शेपटी काढत असेल तर मिथेनॉलमध्ये 0.1 टक्का डायइथाइलअमाइन घाला.

बेसलाइन (पीक नसतानाची सपाट रेषा) गोंगाट करत असेल तर बॅक प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे कॉलमच्या पुढे दाब टिकवणारी झडप, तपासा. तिथे वायू फुगून गार होतो, बर्फ धरतो. त्याचा हीटर चालू हवा. विजेची लाइन गेल्यावर दाब एकदम सोडू नका.

आणि ही पद्धत हिरवी (पर्यावरणाला कमी त्रासदायक) का, ते मिथेनॉल मोजून ठरवा. समजा एचपीएलसीला मिनिटाला 1 मिली, 20 मिनिटं लागतात: 20 मिली द्रावक. एसएफसीला मिनिटाला 3 मिली, 15 टक्के मिथेनॉल, 4 मिनिटं: 1.8 मिली. मिथेनॉल 40 टक्क्यांवर नेलं की तोच आकडा 4.8. कार्बन डायऑक्साइड बहुतेक दुसऱ्या कारखान्यांचं उप-उत्पादन असतं, त्यामुळे तो नव्याने तयार करावा लागत नाही. पण उरलेलं मिथेनॉल नाल्यात ओतलंत तर आमच्याकडे ते थेट शेताच्या विहिरीकडे जातं. त्यासाठी झाकणाचा वेगळा कॅन ठेवा.