घरच्या कॉफीसाठी पूड आणि पाणी मोजण्याची पद्धत

घरी केलेल्या कॉफीची चव रोज वेगळी लागत असेल, तर सर्वांत आधी माप तपासावे. चमच्याने पुडीचे आकारमान कळते, वजन कळत नाही. गडद भाजलेले दाणे भाजताना अधिक फुगतात आणि हलके होतात, त्यामुळे त्यांची चमचाभर पूड फिकट भाजलेल्या दाण्यांच्या पुडीपेक्षा वजनाला कमी भरते. दळण बारीक की भरड आणि चमचा सपाट की शिगोशीग, यानेही माप हलते. म्हणून ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा घ्यावा. कॉफीच्या सामानात महागड्या यंत्राआधी हीच वस्तू घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

पाणीही काट्यावरच मोजावे. थंड पाण्याचे १ मिलिलिटर म्हणजे जवळजवळ १ ग्रॅम, परंतु उकळते पाणी प्रसरण पावलेले असल्याने मापाच्या भांड्यात तेवढ्याच रेघेपर्यंत सुमारे ४ टक्के कमी भरते.

गाळून केलेल्या कॉफीसाठी १ भाग पुडीला १६ भाग पाणी, या प्रमाणापासून सुरुवात करावी. येथे एक गोष्ट सहसा निसटते: ओतलेले सगळे पाणी कपात उतरत नाही, कारण प्रत्येक ग्रॅम पूड साधारण २ ग्रॅम पाणी धरून ठेवते. कपात २५० ग्रॅम कॉफी हवी असेल, तर सुमारे १८ ग्रॅम पूड आणि २८५ ग्रॅम पाणी लागेल. गाळणीसह भांडे काट्यावर ठेवून, पूड घालून काटा शून्यावर आणावा. प्रथम ३५ ते ४० ग्रॅम पाणी ओतून पूड अर्धा मिनिट भिजू द्यावी, म्हणजे तिच्यातील वायू निघून जातो, आणि मग उरलेले पाणी आकडा पाहत सावकाश ओतावे.

चव सुधारताना दाटपणा आणि अर्क उतरणे, म्हणजे पुडीतील चव पाण्यात येणे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. कॉफी पाणचट पण चवीला समतोल असेल, तर १:१५ करावे. फार दाट वाटल्यास १:१७ करावे. ती बोचरी आंबट लागत असेल तर अर्क कमी उतरला आहे, तेव्हा प्रमाण तेच ठेवून दळण बारीक करावे. कडवट आणि तुरट लागल्यास भरड करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशामुळे पडला हे समजत नाही.

एस्प्रेसोचा, म्हणजे यंत्रातून दाबाने काढलेल्या दाट कॉफीचा, हिशेब निराळा आहे. तेथे ओतलेले पाणी न मोजता कपात उतरलेल्या पेयाचे वजन धरतात आणि प्रमाण साधारण १:२ असते, म्हणजे १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम.

गाळलेली कॉफी दुप्पट करायची असल्यास प्रमाण तेच राहते. मात्र पुडीचा थर जाड होऊन पाणी उतरायला वेळ लागतो, म्हणून दळण किंचित भरड ठेवावे.